कालपर्यंत सोबत गाडी चालवली, आज माझा फोन उचलत नाहीत

"सुपरवायझर झालो खरा, पण ड्रायव्हर मानत नाहीत आणि मालक ऐकत नाही. परत स्टिअरिंगवर जाऊ का?" भिवंडी-कल्याण पट्ट्यातली मुलं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे वरचेवर येतात. त्यातल्याच सचिनची (नाव बदललंय) ही गोष्ट.

सचिन बारावी पास, वय 29. मानकोलीच्या एका गोदामातून आधी छोटा हत्ती चालवायचा, मग आयशर. हिशेबात चोख म्हणून मालकाने त्याला डिस्पॅचला, म्हणजे कुठली गाडी कधी निघेल ते ठरवायला, सुपरवायझर म्हणून बसवलं. झालं, टपरीवर ज्यांच्यासोबत रोज कटिंग व्हायची तेच फोन उचलेनात. तात्या म्हणून एक जुने ड्रायव्हर. दुसरी ट्रिप सांगितली की म्हणायचे, "तूच ने की, येते ना तुला गाडी!" त्यात भत्ता बंद झाल्याने हातात पैसे कमी. ही बढती की शिक्षा, हा बायकोचा सवाल रास्तच होता.

मी विचारलं, तात्यांची दुसरी ट्रिप का होत नाही?

"मुद्दाम टाइमपास करतात, मॅडम."

कशावरून? याला उत्तर नव्हतं. मग त्याला एक वही घालायला लावली. गाडी गिऱ्हाइकाच्या गेटवर कधी लागली, खाली कधी झाली, पीओडीवर, म्हणजे माल पोचल्याच्या पावतीवर, सही-शिक्का कधी मिळाला. बस, एवढंच.

वहीतून निघालं भलतंच. तळोज्याच्या एका कंपनीत दुपारी पोचलेली गाडी जेवणाच्या सुट्टीत अडकायची. त्यानंतर माल उतरला तरी शिक्का मारणारा स्टोअरचा माणूस जागेवर नसायचा. सचिनने ती खेप पहाटेच्या लोडिंगला घेतली आणि वहीतल्या वेळा दाखवून मालकाला त्या कंपनीकडे हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी अडकवून ठेवल्याचे, पैसे मागायला लावले. तात्यांनी शाबासकी वगैरे काही दिली नाही, पण फोन उचलू लागले. एक ड्रायव्हर मात्र भांडून सोडून गेलाच. सगळे राहत नाहीत, आणि त्याचा दोष दरवेळी सुपरवायझरने स्वतःकडे घ्यायचं कारण नाही.

खरी कसोटी नागपूरच्या गाड्यांची. समृद्धी आता भिवंडीजवळ आमण्यापासूनच सुरू होतो. 701 किलोमीटरचा एकसुरी रस्ता, डोळा कधी लागेल सांगता येत नाही. रात्रभर गाडी हाकून आलेल्या माणसाला सकाळी पुन्हा लोड द्या, असा वरून दबाव येतो. दिवसाला 8 तासांचं बंधन 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात होतं, पण लोडिंगच्या घाईत ते कोण आठवतो? सचिनला मी सांगितलं, मालकापुढे नुसता नकार घेऊन जाऊ नका. बदली ड्रायव्हर कोण, नाहीतर गाडी किती वाजता निघू शकेल, हे ठरवूनच केबिनमध्ये शिरा.

शिकायचं काय, हा त्याचा पुढचा प्रश्न. कर्ज काढून लॉजिस्टिक्सचा महागडा कोर्स करायला माझा विरोध होता. आधी ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल, पक्कं करा म्हटलं. राज्याबाहेर जाणाऱ्या 50,000 रुपयांवरच्या आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखावरच्या मालाला ते लागतं आणि साध्या गाडीला 200 किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते. गाडी वाटेत बंद पडली तर मुदत वाढवून घ्यावी लागते, तीही संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंतच. इगतपुरीजवळ क्लच गेलेला ड्रायव्हर रात्री दोन वाजता फोन करतो, तेव्हा हे मोबाइलवर करून देणारा माणूस गोदामाला सोडवत नाही. सोबत एक्सेल, आणि जमेल तसं मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. पदवी नसली की हब इन्चार्जच्या मुलाखतीत बरेच जण अडतात, हे मी पाहिलंय.

पगाराचं घोडं अजून अडलेलंच आहे. मालकासमोर त्याने दोन मागण्या ठेवल्यात: रात्रीच्या फोनसाठी वेगळा भत्ता, आणि माल मोजणीत कमी भरला तर चौकशीशिवाय त्याच्या पगारातून कापायचं नाही. पहिलीला होकार आलाय. दुसरी मालकाला अजून पचलेली नाही.