वाचकांचे प्रश्न : बाजार केव्हा भरतो आणि कोणासाठी?

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून येत्या सप्टेंबरात आठ दिवस इस्तंबूलला जाणार आहोत. सहल कंपनीने तिथल्या सुप्रसिद्ध मोठ्या बाजारासाठी पहिल्या रविवारी दीड तास ठेवला आहे. एवढ्या वेळात काय पाहावे, आणि भावात घासाघीस करावी की नाही?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : सर्वांत आधी सहल कंपनीला फोन करून वार बदलून घ्यावा, कारण तो बाजार रविवारी बंद असतो. आपण इंदूरचे असल्यामुळे या गोष्टीचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. भर दुपारी आपल्या सराफ्यात उभे राहून कोणी गराडू, म्हणजे तळलेला कंद, मागितला, तर त्याला समोर फक्त सोन्याचांदीच्या पेढ्या दिसतील. रात्री त्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच दारांशी कढया चढतात, आणि गराडू खायचे तर त्यातही हिवाळाच हवा. परगावच्या कोणत्याही बाजाराविषयी मी प्रथम हेच विचारते, की तो केव्हा भरतो आणि गावातले कोण तिथे येते.

आता त्या मोठ्या बाजाराविषयी. तुर्की भाषेत त्याला ‘कापाली चार्शी’, म्हणजे छप्पर घातलेला बाजार, असे म्हणतात. सुलतान दुसरा मेहमद याने 1453 मध्ये शहर जिंकल्यानंतर काही वर्षांतच त्याची सुरुवात केली, आणि पुढे वाढत वाढत त्यात साठ-एक गल्ल्या आणि हजारो दुकाने झाली. मौल्यवान माल कुलपाबंद ठेवता यावा म्हणून मध्यभागी जाड भिंतींची जी इमारत उभारली, ती, म्हणजे ‘बेदेस्तेन’, या बाजाराचे मूळ आहे. आपल्याजवळ थोडाच वेळ असेल तर तो तिथे द्यावा. गल्ल्यांची नावेही वाचावीत. मुख्य रस्त्याचे नाव उंच टोप्या करणाऱ्या कारागिरांवरून पडले आहे. ते कारागीर केव्हाच गेले आणि आज तिथे दोन्ही बाजूंना सोन्याच्या पेढ्या आहेत.

मात्र दीड तासाने समाधान मानू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एक सकाळ स्वतःसाठी राखून, बाजाराच्या नुरुओस्मानिये दरवाजातून बाहेर पडावे आणि महमूतपाशा नावाच्या उताराने पायी खाली एमिनोन्यूच्या धक्क्याकडे जावे. या उतारावर इस्तंबूलच्या बायका लग्नाचे कपडे, चादरी, मुलांचे सदरे घेतात. प्रवाशांसाठी मांडलेला माल इथे जवळजवळ नाहीच, आणि आपल्या इंदूरच्या शीतलामाता कापडबाजारात लग्नसराईत चालताना जो अनुभव येतो त्याच्या फार जवळचा अनुभव येतो. उतार संपतो तिथे सतराव्या शतकातला मसाल्याचा बाजार आहे. इजिप्तच्या महसुलातून तो बांधला गेला, म्हणून तुर्कीत त्याचे नावच ‘मिसरचा बाजार’ असे आहे. हा बाजार रविवारीही उघडा असतो, त्यामुळे पहिला रविवार वाया जाण्याचे कारण नाही. त्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर 1871 पासून चालत आलेले कॉफीचे दुकान आहे. ताजी दळलेली पूड घ्यायला तिथे शहरातले लोक रांग लावतात. आपणही त्या रांगेत उभे राहावे.

बुधवार मोकळा असेल तर फातिह भागातला आठवडी बाजार चुकवू नये. भाजी, चीज, ऑलिव्ह आणि घरगुती सामान यांनी कितीतरी गल्ल्या भरून जातात. त्याचे नाव ‘चार्शांबा’ असे आहे, आणि त्या शब्दाचा अर्थच बुधवार असा होतो. बुधवार पेठ ठाऊक असलेल्या माणसाला यात परके काही वाटणार नाही.

घासाघिशीबद्दल इतकेच सांगते, की गालिचा, दिवे, चामड्याच्या वस्तू यांचा भाव बोलून ठरवण्याची तिथे रीतच आहे, परंतु पाटी लावून तोलून विकल्या जाणाऱ्या सुक्यामेव्यावर किंवा भाजीवर ती चालवू नये. घ्यायचेच नसेल तर किंमत सांगू नये. आपण सांगितलेली किंमत दुकानदाराने मान्य केल्यावर पाठ फिरवणे तिथे अपमानाचे समजतात, आणि माझ्या मते ते रास्तच आहे. दुकानदाराने देऊ केलेला चहा मात्र निःसंकोच घ्यावा, कारण त्यामुळे खरेदीचे बंधन येत नाही. ‘तुर्की केशर’ म्हणून अतिशय स्वस्त मिळणारा माल बहुधा करडईच्या फुलांच्या पाकळ्यांचा असतो. खऱ्या केशराची काडी पाण्यात हळूहळू पिवळा रंग सोडते आणि स्वतः लालच राहते.

प्रश्न : बँकॉकच्या बाजारांत शुद्ध शाकाहारी माणसाने, त्यातही कांदा-लसूण न खाणाऱ्याने, काय खावे?
— एक वाचक भगिनी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ‘मांस नको’ एवढे सांगून तिथे भागत नाही, कारण नाम प्ला हा माशांचा रस आणि कापी हा कोळंबीचा खर्डा साध्या भाजीतही घालतात, कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत तर सुकी कोळंबीही असते. त्यासाठी एक शब्द लक्षात ठेवावा : ‘जे’. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो, आणि ज्या गाड्यावर तो दिसेल तिथल्या जेवणात मांस-मासळी तर नसतेच, शिवाय कांदा आणि लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला इतका सोयीचा नियम परदेशात अवचित भेटावा, याचा मला फार आनंद झाला होता.

चातुचाक हा प्रचंड बाजार मुख्यतः शनिवारी आणि रविवारी भरतो. त्याच्या समोरच ‘ओर तोर कोर’ नावाचा फळभाज्यांचा बाजार आहे आणि तो रोज चालतो. माझा कौल या दुसऱ्या बाजाराला आहे, कारण तिथे घरी स्वयंपाक करणारा गावकरी फळ हातात घेऊन, वास घेऊन, निवडून घेताना दिसतो. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा हा पदार्थ तिथे पोटभर खावा.

प्रश्न : परदेशी बाजारातून फुलझाडांचे बी किंवा कंद आणता येतील का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : परवानगीशिवाय आणू नयेत. बी-बियाणे आणि रोपे भारतात आणण्यासाठी आयातीचा परवाना आणि ज्या देशातून ती येतात तिथले रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. एका पुडीतून आलेली कीड शेतात पसरू शकते. याचप्रमाणे प्रवाळ, कासवाच्या कवचाच्या वस्तू आणि हस्तिदंत हेही विकत घेऊ नये. तुर्कस्तानातून जुनी नाणी किंवा पुरातन वस्तू बाहेर नेणे हा गुन्हा आहे, मग विक्रेता ती कितीही उघडपणे विकत असो.