कबुलीआधी तारीख मागून घे

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेल्या त्या तिघांना तू समजावत होतीस, की कबूल केलंत तर आजच मोकळे व्हाल, नाहीतर वर्षभर तारखा. पत्र्याच्या शेडमध्ये पत्ते खेळताना पकडलेली ती माणसे. त्यांचा रोजगार बुडू नये ही तुझी कळकळ मला दिसत होती. तरीही मी तुला तारीख मागायला लावली. त्याचे कारण पक्षकारांसमोर सांगणे बरे दिसले नसते, म्हणून लिहितो आहे.

सनद मिळाल्याच्या दुसऱ्याच वर्षी मी हाच सल्ला एका विशीतल्या मुलाला दिला होता. करवीर तालुक्यातला, पहाटे उठून धावणारा, पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा. कोर्टाने विचारल्यावर तो "होय" म्हणाला, दंड भरला, पावतीच्या चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि माझ्या पाया पडून गेला. पुढे त्याची निवड झाली आणि चारित्र्य पडताळणीत ती शिक्षा वर आली. घड्यांवर फाटलेली तीच पावती माझ्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, "साहेब, अपील करूया." गुन्हा कबूल केल्यावर दोषी ठरवण्यालाच अपिलात आव्हान देता येत नाही, शिक्षा किती आणि कायद्याला धरून आहे का एवढाच मुद्दा उरतो, हे मला त्याच्या तोंडावर सांगावे लागले. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 416 मध्येही ती कायम आहे. चूक माझी होती, भोगले त्याने.

म्हणून जुगाराचा खटला किरकोळ म्हणून बाजूला टाकू नकोस. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम 1887 चा आहे, आणि त्यात कलम 4 अड्डा चालवणाऱ्यासाठी, तर कलम 5 तिथे सापडलेल्यांसाठी आहे. छापा कलम 6 प्रमाणे पडला असेल, तर सापडलेल्या साहित्यावरून ती जागा जुगारअड्डाच होती असे कलम 7 गृहीत धरायला लावते, आणि ते खोडण्याचा भार आरोपीवर येतो. मात्र हे गृहीतक सगळे त्या छाप्याच्या पायावर उभे असते. आत शिरणाऱ्या अधिकाऱ्याला तसा अधिकार किंवा विशेष वॉरंट होते का, पंच कुठले होते, मुद्देमाल कुठे आणि कधी सीलबंद झाला, हे कागद वाचल्याशिवाय कळत नाही. आणि कबुलीनंतर ते कागद कोणी वाचतही नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 57 खाली, झालेल्या शिक्षांच्या आधारावर माणसाला तडीपार करता येते, आणि जुगार व दारूबंदी कायद्याखालच्या काही शिक्षाही त्यात मोजल्या जातात. तडीपारी दोन वर्षांपर्यंत असू शकते. हुकूम मोडून हद्दीत परतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. अशा गुन्ह्यांत ज्याने "लवकर सुटायचे" म्हणून वारंवार कबुली दिली, त्याने आपल्याच हाताने तडीपारीचा प्रस्ताव तयार करून दिलेला असतो. अशी नोटीस घेऊन कोणी आले, तर कलम 59 प्रमाणे आरोपांचे स्वरूप लेखी कळवले आहे का आणि साक्षीदार देण्याची संधी मिळाली का हे आधी पाहा, आणि हुकूम झालाच तर शासनाकडे अपिलाची 30 दिवसांची मुदत चुकवू नकोस. मोक्क्याची, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याची, भीती मात्र या तिघांना घालू नकोस. त्याला दहा वर्षांतली एकाहून अधिक दोषारोपपत्रे लागतात, आणि तीही तीन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांची.

अटकेच्या वेळचे हक्क तुला पाठ आहेत. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे, चौकशीदरम्यान वकिलाची भेट, नातेवाइकाला खबर देणे. त्यात एवढीच भर घालतो, की नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत असे सांगितले आहे. सीपीआर रुग्णालयातून वैद्यकीय तपासणी करून आरोपी आणला, की रिमांडच्या अर्जाआधी तो कागद मागत जा. जामीन किंवा रिट आता मुंबईला न जाता उच्च न्यायालयाच्या इथल्याच, कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालवता येते, याचा उपयोग गरीब पक्षकाराला करून दे.

पुरावा खरोखरच पक्का असेल, तर कबुलीचा विचार जरूर कर. पण मग 1958 च्या परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा, अर्ज तयार ठेव, कारण त्याच्या कलम 12 मुळे शिक्षेने येणारी अपात्रता टळते. माझ्या त्या मुलासाठी मी तोही अर्ज केला नव्हता.

सोमवारी तिघांपैकी धाकट्याला थोडा लवकर बोलाव. त्याच्या हातातल्या पिशवीत सैन्यभरतीचा फॉर्म मी काल पाहिला. छाप्याच्या वॉरंटची आणि पंचनाम्याची नक्कल मागण्याचा अर्ज आजच लिहून ठेव, मी सकाळी वाचतो.

तुझा,
सर