वॉर्डातून दिसते तेवढीच आरोग्यव्यवस्था नसते

तू विचारलंस की तुमच्या एमबीबीएसच्या बॅचमधल्या बहुतेकांचं मत 'सरकारी व्यवस्था सुधारणार नाही, 'नीट-पीजी' ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा काढा आणि बाहेर पडा' असं झालंय, तर इंटर्नशिपची ग्रामीण पोस्टिंग मनापासून करण्यात अर्थ आहे का? मी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) काम केलं, नंतर पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा राग रास्त आहे. एका खाटेवर दोन पेशंट, निवासी डॉक्टरांच्या न संपणाऱ्या ड्यूट्या, गरीब नातेवाइकाच्या हातात 'बाहेरून आणा' म्हणून दिलेली चिठ्ठी. हे रोज पाहणाऱ्याला व्यवस्थेवर विश्वास ठेव असं मी सांगणार नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या 2.5 टक्क्यांवर नेण्याचं ठरलं होतं. ते झालं नाही, आणि त्याची झळ वॉर्डात तुम्हालाच लागते.

तरी बायस, म्हणजे ठरावीकच केसेस पाहिल्याने होणारी दिशाभूल, शिकली आहेस, तो इथे लावून बघ. कॉलेजच्या रुग्णालयात तेच पेशंट पोचतात ज्यांचं खाली निभावलं नाही. वाढलेल्या बीपीमुळे झटके येत असलेली गरोदर बाई रात्री लेबर रूममध्ये येते आणि सगळे म्हणतात, पीएचसीवाल्यांनी नुसतं रेफर केलं. पण जिचं वाढलेलं बीपी उपकेंद्रात सिस्टरनं सातव्या महिन्यातच पकडलं, जिला वेळेवर गोळ्या मिळाल्या आणि जी तालुक्याला सुखरूप बाळंत झाली, ती तुम्हाला भेटतच नाही. साडेचार वर्षं फक्त फसलेल्या केसेस पाहून बनलेलं मत अपुरंच राहणार.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीनं 1946 मध्येच सांगितलं होतं की डॉक्टर घडवताना त्याला समाजातही काम करायला शिकवा. सेवाग्रामच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षापासून बॅच एक गाव दत्तक घेते. बाकी बऱ्याच ठिकाणी गाव म्हणजे लॉगबुकातली सही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून पोस्टिंगला सही करून लायब्ररीत परतू नकोस. लसीकरणाच्या दिवशी सिस्टरांबरोबर सत्राला जा. गरोदर मातांचं रजिस्टर उघडून जोखमीच्या बायका कोणत्या आणि तारखेला कोण आली नाही ते बघ. का आली नाही ते आशाताई घरासकट सांगतील. 108 ला फोन केल्यावर गाडी कुठून निघते ते विचार. सपाटीवर एका केंद्रामागे 30 हजार लोकसंख्या धरतात, डोंगरी-आदिवासी भागात 20 हजार. तुझ्या केंद्राखाली प्रत्यक्षात किती आहे आणि कोणती पदं रिकामी आहेत ते लिहून काढ.

मग 'सिस्टीम खराब आहे' याऐवजी तू म्हणशील, 'या उपकेंद्राला वर्षभर सिस्टर नाही, बीपीच्या गोळ्या संपल्यात.' हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यापुढे मांडता येतं आणि त्याचं उत्तर मागता येतं. सरकारी कॉलेजातली असशील तर पुढे बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्षही आहेच, तेव्हा हीच माहिती पहिल्या आठवड्यापासून उपयोगी पडेल. नीटचा अभ्यास संध्याकाळी कर, केंद्रावर तेवढा वेळ मिळतो.