वाचकांचे प्रश्न : व्हिएतनामचा मधला पट्टा घाईत उरकू नका

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर्ड शिक्षक, राजारामपुरीत राहतो. दिवाळीत मुलाला सुट्टी मिळते म्हणून सगळ्यांनी मिळून व्हिएतनामला जायचं चाललंय. सोबत सासूबाई आहेत, वय ७४, माळकरी. टूरवाल्यानं ८ दिवसांत हनोई, हा लाँग, हुए, दा नांग, होई आन आणि सायगाव असं सगळं बसवून दिलंय. हे जमेल का? आणि सासूबाईंच्या जेवणाचं काय करायचं?

उत्तर : ताई, आधी तारीख बघू, गावांचं मग बघू. व्हिएतनाम नकाशात बघितला तर लांबलचक आणि चिंचोळा आहे, नुसता किनाराच ३,२०० किलोमीटरच्या वर, त्यामुळं एकाच दिवशी वर हनोईत स्वेटर लागतो आणि खाली सायगावात घामाच्या धारा असतात. आपल्यासारखं जूनला पाऊस आला म्हणजे सगळीकडं आला असं तिथं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हनोईची हवा वर्षात सगळ्यात छान, आणि नेमकं तेव्हाच मधल्या पट्ट्यात, हुए ते होई आन, पाऊस धो धो कोसळत असतो.

हे मी ऐकून सांगत नाही. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी होई आनला होतो, सकाळी उठून बघतो तर थु बोन नदी गल्लीत आलेली आणि लोक दारातनं होडीत बसतायत. २०१९ ला पंचगंगेचं पाणी घरात घेतलेल्या माणसाला ते बघून काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको. पाणी उतरल्यावर एका जुन्या व्यापाऱ्याचं घर बघितलं. भिंतीवर एकेका मोठ्या पुराची रेघ आणि पुढं साल, आणि वरच्या मजल्याच्या जमिनीत चौकोनी झडप, पाणी चढायला लागलं की माल दोरीनं वर ओढून घ्यायचा. मी त्या रेघांपुढं बराच वेळ उभी होते. शाहूपुरीत, कुंभार गल्लीत लोकांनी असंच सामान माळ्यावर चढवलं होतं.

तर दिवाळीच पक्की असेल तर मधलं सगळं काढून टाका. हनोई ४ दिवस, त्यात निन्ह बिन्ह, मग हा लाँगला बोटीवर एक मुक्काम, आणि शेवटी सायगाव, मेकाँगचा त्रिभुज प्रदेश. सासूबाईंना निन्ह बिन्हच्या त्रांग आनची होडी नक्की आवडेल. चढउतार फारसा नाही, बायका वल्हं मारत डोंगराखालच्या गुहांतनं नेतात, काही ठिकाणी छत इतकं खाली येतं की मान वाकवायला लागते. हे डोंगर चुनखडीचे, पावसाचं पाणी लाखो वर्षं तो दगड विरघळवत आलंय म्हणून असे सुटे सुळके आणि पोटात गुहा. आपला सह्याद्री काळ्या बेसाल्टचा, तो असा विरघळत नाही, म्हणून पन्हाळ्यावरनं दिसतं त्याच्याशी याचं काहीच साम्य वाटणार नाही. हा लाँगला हेच सुळके समुद्रात उभे आहेत.

पण माझं मन विचाराल तर मुलाला म्हणा रजा मार्चमध्ये टाक. तेव्हा हनोईकडं जरा धुकं-भुरभुर असते, पण मधला पट्टा कोरडा आणि स्वच्छ, आणि व्हिएतनाममध्ये मला सगळ्यात आवडलेलं तेच आहे. हुए ते दा नांग विमान नको आणि बसही नको. बस २००५ साली झालेल्या ६ किलोमीटरच्या बोगद्यातनं जाते, म्हणजे हाय वान घाट दिसतच नाही. रेल्वेनं जा. अडीच-तीन तास लागतात, दक्षिणेकडं जाताना डाव्या बाजूची खिडकी धरा, रूळ डोंगराच्या कडेनं समुद्राला बिलगून जातात, खाली पांढरी वाळू, वर जंगल. करूळ घाट उतरताना पायथ्याशीच समुद्र लागला असता तर कसं झालं असतं, तसं काहीसं. हनोई ते सायगाव पूर्ण लाईन १,७२६ किलोमीटरची आहे, युद्धात तुटलेली, ती १९७६ च्या शेवटी पुन्हा जोडली गेली. सगळी करू नका, तीस तासांच्या वर बसावं लागतं, हा एवढाच तुकडा करा.

आणि होई आनहून साधारण ४० किलोमीटरवर ‘मी सोन’ नावाचं ठिकाण आहे. सासूबाईंना तिथं नेल्याशिवाय परत येऊ नका. चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी बांधलेली शंकराची देवळं, पहिलं चौथ्या शतकात भद्रवर्मन राजानं भद्रेश्वरासाठी बांधलं, शिलालेख संस्कृतात. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बॉम्बफेकीत बरीच पडली. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याचे लोक तिथं दुरुस्तीला होते, त्यांना २०२० मध्ये खोदताना नवव्या शतकातलं अखंड दगडी शिवलिंग सापडलं. खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ बघून वाढलेल्या माणसाला इतक्या लांब, लाल विटांच्या देवळात महादेव भेटतो, आणि त्या विटा जोडायला सांध्यात कुठं चुना दिसत नाही.

जेवणाचं : ‘अन चाय’ एवढे दोन शब्द पाठ करा, म्हणजे शाकाहारी जेवतो. गंमत म्हणजे तिथं ‘चाय’ म्हटलं की चहा नाही, शाकाहार. पाटीवर ‘चाय’ लिहिलेली हॉटेलं बहुतेक सगळ्या शहरांत असतात, बौद्ध लोक त्यांच्या महिन्याच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला शाकाहारच करतात. कडक पाळणारे कांदा-लसूणही घालत नाहीत, माळकऱ्याला याहून काय पाहिजे. साध्या हॉटेलात मात्र भाजीतही मासळीचं पाणी, ‘नुओक माम’, पडतं, म्हणून नुसतं ‘मांस नको’ सांगून भागत नाही.

प्रश्न : आम्ही सहा जण ट्रेकर, मंगळवार पेठेतले. सोन दूंग गुहा स्वतःहून जाऊन बघता येते का?

उत्तर : नाही मित्रांनो. जगातली माहिती असलेली सगळ्यात मोठी गुहा आहे ती, तिथल्याच एका गावकऱ्याला जंगलात सापडली आणि ब्रिटिश गुहाशोधकांनी २००९ मध्ये मोजली. परवानगीच्या चार दिवसांच्या ट्रिपमध्येच जाता येतं, माणसी साधारण ३,००० डॉलर, आणि तिथल्या पावसाळ्यात बंद. तेवढे पैसे नसतील तर त्याच जंगलात फोंग न्हा गुहेत होडीनं जाता येतं, आणि पॅराडाईज गुहा ३१ किलोमीटर लांब आहे, त्यातला पहिला किलोमीटर लाकडी वाटेवरनं सगळ्यांना बघता येतो. दोन दिवस फोंग न्हा गावात राहा, घाईत बघू नका.