जनुकांच्या अहवालात 'व्यायामाला प्रतिसाद कमी' आलं म्हणून वडिलांचा व्यायाम थांबवू नका

तुमच्या पोस्टमधली जवळजवळ प्रत्येक ओळ माझ्या ओळखीची निघाली, म्हणून सविस्तर लिहितेय. अडुसष्ट वर्षांचे वडील नियमित चालायचे, हलकी वजनंही उचलायचे. मग जनुकीय चाचणीच्या अहवालात दोन लाल चौकटी आल्या : 'एरोबिक व्यायामाला प्रतिसाद कमी' आणि 'स्नायूंची शक्ती प्रतिकूल'. तेव्हापासून ते म्हणतात, 'माझ्या अंगातच नाही, तर उगाच कशाला झिजायचं?' अहवाल खरा मानायचा का आणि त्याच कंपनीची 'सखोल' चाचणी करायची का, हे तुमचे दोन प्रश्न.

माझं उत्तर : व्यायाम थांबवू देऊ नका आणि दुसरी चाचणी करू नका. मी डॉक्टर नाही, जनुकशास्त्रातलीही नाही. आईच्या अशाच अहवालामुळे वाचत गेले, त्यातून बनलेलं हे मत आहे. छातीत दुखणं, चक्कर, चालताना धाप असं काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा. व्यायामाचे फायदे इथे सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान अहवालाने केलं नाही, अहवाल देणाऱ्यांच्या समुपदेशन विभागाने केलं. आमचे प्रश्न साधे होते. 'कमी' म्हणजे कोणाच्या तुलनेत? किती कमी? ज्यांच्यावर अभ्यास झाला ती माणसं कोणत्या वयाची होती? फोनवरच्या व्यक्तीने अहवालातलीच वाक्यं पुन्हा वाचून दाखवली. ईमेलला उत्तर म्हणून आधीच आमच्याकडे असलेलं माहितीपत्रक आलं. तज्ज्ञ फोन करतील असं सांगितलं, तो फोन आलाच नाही, आणि आमच्या तक्रारीपुढे मात्र 'निराकरण झाले' असा शेरा पडला. शेवटी सुचवलं काय, तर आणखी महागडी चाचणी. तोवर आईने सगळं सोडलं होतं. 'तज्ज्ञांशी बोलणं होईपर्यंत नको' असं म्हणता म्हणता ती खुर्चीतून उठताना हातांचा आधार घ्यायला लागली. त्या वयात मांड्यांमधली गेलेली ताकद परत मिळवायला किती कष्ट पडतात, ते मी जवळून पाहिलं आहे. एका माणसाने दहा मिनिटं नीट बोलायला हवं होतं, एवढंच. तेवढंही न करणाऱ्यांनी माणसाच्या हातात लाल चौकट देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

आता 'प्रतिसाद' ही भानगड काय आहे ते. ही कल्पना मुख्यतः क्लोद बुशार या संशोधकाच्या 'हेरिटेज' कुटुंब अभ्यासातून पुढे आली. बैठं आयुष्य जगणाऱ्या कुटुंबांना २० आठवडे ठरावीक व्यायाम दिला आणि व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते मोजलं. सरासरी वाढ मिनिटाला सुमारे ०.४ लिटर होती, पण काहींची जवळजवळ शून्य आणि काहींची एक लिटरच्या पुढे. एकाच कुटुंबातल्या माणसांचा प्रतिसाद एकमेकांसारखा होता. त्यावरून १९९९ साली या फरकांत आनुवंशिकतेचा वाटा जास्तीत जास्त ४७ टक्के असा अंदाज निघाला. माणसामाणसांत फरक असतो आणि त्यात जनुकांचा हात असतो, हे मला पूर्ण मान्य आहे. पण हा ४७ टक्क्यांचा आकडा गटातल्या फरकांबद्दल बोलतो, तुमच्या वडिलांबद्दल नाही. आणि अहवालातल्या मोजक्या जनुकखुणा म्हणजे ती सगळी आनुवंशिकता नव्हे.

शिवाय 'प्रतिसाद नाही' हा काही कायमचा शिक्का नसतो. मोंतेरो आणि लुंडबी या संशोधकांनी २०१७ साली ७८ निरोगी पुरुषांना आठवड्याला ६० ते ३०० मिनिटं असा वेगवेगळ्या प्रमाणात व्यायाम दिला. ६० मिनिटांच्या गटात बऱ्याच जणांची क्षमता वाढली नाही. २४० आणि ३०० मिनिटांच्या गटांत मात्र न वाढलेलं कोणीच नव्हतं. मागे राहिलेल्यांचा व्यायाम वाढवला, तेव्हा त्यांच्यातही वाढ दिसली. ही तरुण माणसं होती, त्यामुळे अडुसष्टाव्या वर्षी लगेच ३०० मिनिटं सुरू करा असं मी म्हणत नाही. व्यायामाचं प्रमाण बदललं की उत्तर बदलतं, एवढाच माझा मुद्दा.

दुसरी चौकट बहुधा एसीटीएन३ जनुकाची असणार. त्याच्या दोन्ही प्रती 'एक्स' प्रकारच्या असतील तर वेगवान स्नायूतंतूंमधलं अल्फा-ॲक्टिनिन-३ हे प्रथिन बनत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण १८ टक्के माणसं अशी असतात आणि ती छान चालतात-फिरतात. कमी अंतर वेगाने धावणाऱ्या अव्वल धावपटूंमध्ये हा फरक दिसतो. सर्वसामान्यांच्या ताकदीतल्या फरकांपैकी मात्र जेमतेम दोन-तीन टक्के त्यातून उलगडतात. २०१५ साली क्रीडावैद्यकातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने एकमताने लिहिलं की, थेट ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या अशा चाचण्यांचा खेळातली गुणवत्ता ओळखायला किंवा कोणाचा व्यायाम ठरवायला उपयोग नाही.

आणि हे वडिलांना नक्की सांगा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लोकांना आधी ट्रेडमिलवर पळवलं. नंतर त्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं सांगितलं की, क्रेब१ हे व्यायामक्षमतेशी जोडलेलं जनुक तुमच्यात 'चांगलं' आहे किंवा 'वाईट' आहे. खरं जनुक काय आहे त्याचा या सांगण्याशी काहीही संबंध नव्हता. पुन्हा पळवल्यावर 'वाईट' सांगितलेल्यांची कामगिरी खालावली, आणि नुसती मनाने नाही, त्यांची श्वसनाची मापंसुद्धा बदलली. प्रयोग संपल्यावर त्यांना खरं काय ते सांगण्यात आलं. आमच्या आईला ते सांगणारं कोणी नव्हतं.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडते. व्यायामाने आयुष्याची वर्षं किती वाढतात, याबद्दल मी जपून बोलते. फिनलंडमधल्या जुळ्यांच्या २०१५ च्या एका अभ्यासात, एकसारख्या जुळ्यांपैकी एक सक्रिय आणि दुसरा बैठा असला तरी आयुर्मानात फरक दिसला नाही. ज्यांची मूळ घडणच चांगली ती माणसं फिरतातही जास्त आणि जगतातही जास्त, असं काही अंशी असू शकतं. उलट अमेरिकेतल्या ६३ वर्षांवरच्या ५,४४६ स्त्रियांच्या २०२२ च्या अभ्यासात जास्त हालचाल आणि कमी मृत्यू यांचा संबंध दीर्घायुष्याची जनुकं असलेल्यांत आणि नसलेल्यांत सारखाच आढळला.

मला स्वतःला सगळ्यात पटतो तो २०१४ चा 'लाइफ' हा व्यायामाचा प्रयोग. ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या माणसांचे नशिबावर सोडून दोन गट पाडले, त्यामुळे चांगली-वाईट जनुकं दोन्हीकडे सारखीच वाटली गेली. सरासरी २.६ वर्षांत ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावलेले व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के होते, नुसत्या आरोग्यवर्गांच्या गटात ३५.५ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे. आणि वडिलांना हवंय ते हेच ना, स्वतःच्या पायांवर कुठेही जाता येणं? ताकदीबद्दल म्हणाल तर १९९४ साली एका वृद्धाश्रमावरच्या अभ्यासात, सरासरी ८७ वर्षांच्या अशक्त माणसांची स्नायूशक्ती १० आठवड्यांच्या वजनाच्या व्यायामाने दुपटीहून जास्त झाली. त्यांच्या जनुकांची चौकशी कोणी आधी केली नव्हती.

तेव्हा चाचणीचे पैसे वाचवा आणि शरीर मोजा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीवर घडी घालून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. कोणीतरी शेजारी असू द्या. आकडा तारखेसकट लिहून ठेवा आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजा. नुसतं चालणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ च्या पुढे आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस स्नायूंसाठी आणि तीन दिवस तोलासाठी सांगितले आहेत. आईला पुन्हा उभं केलं ते एका फिजिओथेरपिस्टने. तिने अहवाल उघडलासुद्धा नाही, आधी खुर्चीतून उठायला सांगितलं.

दोन गोष्टी जाता जाता. अहवालात एपीओई, म्हणजे अल्झायमरच्या जोखमीशी जोडलेलं जनुक, आहे का ते विचारा. असेल तर ते पान जनुकीय समुपदेशकाशिवाय उघडू नका. आणि कंपनीकडून काही उत्तर आलंच तर इथे फक्त त्याचा सारांश टाका, वडिलांच्या अहवालाचा फोटो नको. त्यांची निम्मी जनुकं तुमच्यातही आहेत, तेव्हा ती माहिती काही प्रमाणात तुमचीही आहे.