आयसीएस: खुली कुणासाठी?

प्रश्न: आयसीएसची (इंडियन सिव्हिल सर्व्हिस, ब्रिटिश काळातली वरिष्ठ सनदी सेवा) परीक्षा गुणवत्तेवर होती, मग सुरुवातीला भारतीय इतके कमी का?

उत्तर: १८५५ पासून परीक्षा खुली होती, पण केंद्र फक्त लंडनला. म्हणजे आधी बोटीचं भाडं, मग हुशारी. (समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त वेगळंच!) गुणही इंग्रज मुलांच्या सोयीचे: सुरुवातीच्या योजनेत ग्रीक, लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण, संस्कृत, अरबीला ३७५. खरी मेख वयोमर्यादेत होती. २३ वरून ती उतरत उतरत १८७८ मध्ये १९ वर आली. इंग्रजी ही परकी भाषा असलेल्या मुलानं त्या वयात इंग्लंडमधल्या नामांकित शाळांतल्या मुलांशी टक्कर द्यायची! लेखीनंतर घोडेस्वारी होतीच. अरविंद घोष तिथेच गळाले. पहिले यशस्वी भारतीय, १८६३ मधले सत्येंद्रनाथ, टागोरांच्या श्रीमंत घरातले. भारतात केंद्र मिळालं ते १९२२ मध्ये.