सौदा करण्याआधी तोट्याचा आकडा ठरवा

आपण शेअर कोणता घ्यावा हे विचारले आहे. पण किती घ्यावेत, हा प्रश्न माझ्या मते त्याआधीचा आहे. समजा, आपले भांडवल 2,00,000 रुपये आहे आणि एका सौद्यात त्याच्या एक टक्क्याहून, म्हणजे 2,000 रुपयांहून, अधिक गमवायचे नाहीत असे आपण ठरवले. 500 रुपयांचा शेअर 480 ला आला की आपला अंदाज चुकला असे भावाचा आलेख सांगत असेल, तर प्रत्येक शेअरमागे जोखीम 20 रुपयांची होते आणि आपण फार तर 100 शेअर घ्यावेत. स्टॉप लॉस, म्हणजे तोटा थांबवण्यासाठी शेअर विकून बाहेर पडायचा भाव, आधी आलेखावरून ठरवावा आणि संख्या त्यावरून काढावी. जास्त शेअर घेता यावेत म्हणून स्टॉप लॉस 495 वर ओढणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे.

हा हिशेबही पूर्ण सुरक्षित नाही. रात्रीतून वाईट बातमी आली आणि सकाळी सव्वानऊला भाव थेट 465 ला उघडला, तर मर्यादित भावाची, म्हणजे ठरलेल्या भावाखाली न विकणारी, स्टॉप लॉस ऑर्डर तशीच पडून राहू शकते, आणि मिळेल त्या भावाला विकणारी बाजारभावाची ऑर्डर असली तरी तोटा 3,500 च्या घरात जातो. 4 जून 2024 रोजी, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, निफ्टी हा शेअर बाजाराचा निर्देशांक एका दिवसात जवळपास सहा टक्के घसरला होता. म्हणून निकाल, अर्थसंकल्प किंवा कंपनीचे तिमाही आकडे तोंडावर असताना संख्या निम्मी करावी. दलाली आणि कर त्या 2,000 मध्येच धरावेत. फ्युचर्स-ऑप्शन्सकडे, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरील करारांकडे, तूर्त वळू नये. तिथे लॉटचा, म्हणजे एका करारातल्या शेअरच्या संख्येचा, आकार एक्सचेंज ठरवते, आपण नव्हे.